हाळीचा मान

घाटीचा उतार वीस पावलांवर आला तसं रावजीने वळून पालखीकडे पाहिलं. पालखीच्या पुढच्या डाव्या खांद्याला समर्थ होता, त्याचा एकुलता एक नातू. गेल्या शिमग्याला त्याच खांद्याला चाकरमानी ओमकार होता, आणि तो आज काठी टेकत पालखीच्या मागून येत होता.

ओमकारचं काय झालं ते सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. उताराच्या तोंडावर सगळे वाकले, पालखीचं वजन पुढे आलं, पायाखालची जांभ्याची खडी सरकली आणि दांडा त्याच्या मांडीवर बसला. हाड दोन ठिकाणी मोडलं. मुंबईची नोकरी गेली. गावाने त्यावर बैठक घेतली, चांगली तीन तास. आणि ठरवलं काय? तर ओमकार वाकण्यात कमी पडला म्हणून त्या जागेचा राखणदार देव कोपला. यंदा सगळ्यांनी पुरतं वाकायचं. आता काय म्हणावं या लोकांना!

या जागी राखणदार आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पालखी इथे आली की रावजीने वाटेकडेच्या दगडी गडग्यावर चढायचं, 'वाका रे!' म्हणून हाळी द्यायची, की खांदेकऱ्यांपासून चाकरमान्यांपर्यंत सगळ्यांनी कमरेत वाकायचं. रावजी तेवढा ताठ. हाळी देणाऱ्याने वाकायचं नसतं. देवळात पहिल्या नारळाचा मानही त्यालाच.

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, रावजीला आणि त्याच्या बायकोला, सखूला. कसला राखणदार न् कसलं काय! इथे फणस होता. त्याची एक फांदी वाटेवर आडवी आलेली, कपाळमोक्ष होईल अशी. रावजी तेव्हा विशीतला. पालखीच्या पुढे चालायचा आणि फांदी आली की मागच्यांना ओरडायचा, वाका रे! एका पावसाळ्यात फणस पडला. पुढच्या शिमग्याला रावजी सवयीने ओरडला आणि सगळे सवयीने वाकले. वर बघतो तर नुसतं आभाळ! शरमेने त्याच्या कानशिलांना आग लागली. चुकलो म्हणून सांगणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने पाठीवर हात ठेवला. "बरा आठव ठेवलास, पोरा." कसला आठव ते रावजीने विचारलं नाही. त्या वर्षी पहिला नारळ त्याच्या हातात पडला, आणि मग चाळीस वर्षं पडतच राहिला. लोक कधीतरी त्या जागेला राखणदाराची जागा म्हणू लागले, फणस पाहिलेली माणसं एकेक करून गेली. उरली त्यांनाही आता राखणदारच आठवत होता.

आज सकाळी रावजीच्या डोक्यावर टोपी ठेवताना सखूने एवढंच विचारलं होतं, "नारळ हवाय का नातू?"

रावजी गडग्यावर चढला. ढोल थांबले. दोनशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. समर्थच्या पायाखाली तीच खडी होती. पोराच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

"नाना, हाळी द्या," मानकरी श्रीपती खालून म्हणाला.

"नाय देत."

"आँ? नाना, पोरांच्या खांद्यावर वजन हाय!"

"म्हणूनच नाय देत." रावजीचा आवाज फाटला. "ऐका रे सगळ्यांनी. हितं राखणदार कधी नव्हताच. हितं फणस व्हता. फांदी डोक्याला लागायची म्हणून मी ओरडायचो. फणस पडला, तरी मी येड्यासारखा ओरडलो, आणि तुम्ही वाकलात. चूक माझी. चाळीस वर्षं गप बसलो, तीही माझीच. आता ताठ मानेनं चाला आणि पोरांना सुखरूप खाली उतरू द्या."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागे ओमकार मात्र मान वर करून आभाळाकडे बघत राहिला, फांदी होती तिथे. 

रावजीला वाटलं, झालं. सुटलो. नारळ गेला तर गेला, पोरगा वाचला.

तेवढ्यात श्रीपतीने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"ऐकलात? फणस व्हता! इतकी वर्षं आपल्याला राखणदार कुठल्या झाडावर ऱ्हायचा ते माहीत नव्हतं, आज देवानं ते नानांच्या तोंडून वदवलं!" आणि त्याने स्वतःच हाळी दिली, "वाका रे!"

दोनशे पाठी खाली गेल्या, गेल्या वर्षीपेक्षा हातभर जास्त. कुणी तर गुडघे टेकले. मागचे दोन्ही खांदेकरी वाकता वाकता पुढे रेटले गेले, पालखी उताराकडे कलली आणि सगळं वजन समर्थवर आलं. त्याची टाच सरकली.

"आजोबा!"

सत्तरीला टेकलेल्या रावजीने गडग्यावरून उडी टाकली. कशी टाकली ते त्यालाही कळलं नाही. दांडा समर्थच्या मांडीवर यायच्या आत तो त्याच्याखाली शिरला आणि पाठ लावली. कण्यातून कळ गेली. हात खडीत रुतले. पण दांडा अडला. समर्थने पाय रोवला, दुसऱ्या खांद्याच्या पोराने जोर लावला आणि पालखी हळूहळू सावरली. नातवाचे दोन्ही पाय धड होते. रावजीने ते दोनदा बघून घेतले आणि तसाच, कमरेत दुमडलेला, धापा टाकत राहिला.

मग त्याच्या कानावर गर्दीतला कुजबुजता आवाज आला.

"बघितलंस? जन्मात कधी वाकले नव्हते नाना. हितं काय नसतं, तर ते वाकले असते का?"