सावर्डेकरांचं पित्त

खांबेटे डॉक्टरांना नुकत्याच झालेल्या प्रशिक्षणात शिकवलेला तो प्रश्न काही केल्या विचारवेना. तीस वर्षं ‘जीभ दाखवा’ म्हणणाऱ्या माणसानं एकदम जीव देण्याचा विषय कसा काढायचा? पण सावर्डेकरांना त्यांची बायको महिन्यात चौथ्यांदा पित्तासाठी घेऊन आली होती. रिपोर्ट चांगले असूनही पुन्हापुन्हा येणाऱ्यांना विचारायचंच, असं शिकवलं होतं.

“झोप लागते?”

“कुठली?” नेहमीप्रमाणे बायकोच बोलली. सावर्डेकर फक्त जीभ दाखवायचे.

“भूक?”

“मेलीय.”

डॉक्टरांनी घसा खाकरला. “जीव द्यावासा वाटतो?”

“वाटतो. रोज दुपारी.”

सावर्डेकर दचकले. “अगं, मला कुठे वाटतो?”

“तुमचं कोण बोलतंय?”

डॉक्टर गोंधळले. झोप नक्की कोणाची उडालीय, भूक कोणाची मेलीय, काही कळेना. वीस वर्षं सावर्डेकरांच्या पोटाची औषधं तिचं ऐकून दिली होती. त्यांनी कोरा केसपेपर घेतला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सावर्डेकरांना बाहेर बसायला सांगितलं.

“मग माझं पित्त?”

“थांबेल.”

दार लागलं. केसपेपरवर लिहायला तिचं नावच डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“दुपारी काय होतं, वहिनी?”