तिसरा उतारा

“यातला सगळ्यात अवघड कोणता, तेवढं सांगा सर,” सुशील म्हणाला आणि त्याने तीन कागद टेबलावर ओळीने मांडले.

वसंत मास्तरांनी चष्मा पुसला. सावनेरच्या पलीकडच्या त्यांच्या गावाहून शहरात मनीषनगरातल्या या ऑफिसात यायला दोन गाड्या बदलाव्या लागल्या, पण त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. मागच्या वर्षी वाचन चाचणीत त्यांची पोरं सपशेल आपटली होती. यंदाही तेच झालं तर शाळा बंद, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. अशात पेपर काढणाऱ्यांनीच उतारे पारखायला बोलावलं, म्हणजे देवच पावला.

“तुम्ही ज्याला अवघड म्हणाल, तो मुलांच्या पेपरात येणार नाही. शब्द देतो,” सुशील म्हणाला.

मास्तरांची पद्धत ठरलेली. अर्थाकडे बघायचं नाही, पोरं अडतील ते शब्द मोजायचे. दर शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ वळली की उतारा बाद. सुगरण पक्ष्याच्या उताऱ्याला एकच बोट मिटलं, आठवडी बाजाराच्या उताऱ्याला दोन.

तिसऱ्याला पहिल्याच ओळीत मूठ वळली. कसलीशी नोटीस होती. गावाच्या नावाच्या जागी नुसती रेघ.

“हे काहून ठेवलं?”

“व्यवहारातलं वाचन, सर. नोटीसही वाचता यायला हवी ना?”

मास्तरांना पटलं. “पोरायचं सोडा, आमच्या गावचे रुपरावभाऊ दहावी शिकले, त्याईलेही समजणार नाही. हे लांब वाक्य इथं तोडा, मग समजेल.”

“आणि पुढच्या वाक्याला जोडलं तर?”

“मग मलेही दोनदा वाचावं लागेल,” मास्तर हसले.

सुशीलने ते लिहून घेतलं. “न समजलेला कागद गावात कोणाला दाखवतात?”

“समजलं नाही, असं चारचौघांत कोण म्हणते? महिनाभर तरी गप राहतात.”

सुशीलने तेही लिहून घेतलं. मास्तरांना जरा चमत्कारिक वाटलं. पण तेवढ्यात चहा आला आणि ते विसरून गेले.

पुढचा महिना त्यांनी मान वर केली नाही. सकाळ-संध्याकाळ पोरं आणि वाचन. सुशीलने शब्द पाळला, नोटीस पेपरात आली नाही. सुगरण आली. चौथीतल्या पिंकीने ती एका दमात वाचली. शाळा वाचली, आणि मास्तरांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी रुपराव शाळेत आले. त्यांच्या हातात भिंतीवरून सोलून काढलेला कागद होता.

“मास्तर, हे पाहा बरं. महिना झाला, पंचायतीच्या भिंतीवर लागून होतं. कोणाले समजून नाही राहिलं.”

“मले काहून नाही दाखवलं?”

“तुम्ही परीक्षेच्या गडबडीत होते. अन् दहावी शिकून समजत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?”

मास्तरांची बोटं सवयीने मिटू लागली. पहिल्याच ओळीत मूठ वळली. रेघेच्या जागी त्यांच्या गावाचं नाव होतं. खाली गट नंबर होते, रुपरावांच्या शेताचाही. ते लांब वाक्य पुढच्याला जोडलेलं होतं.

मास्तरांना ते दोनदा वाचावं लागलं. जमीन खाणीत जाणार होती, आणि हरकत घ्यायची मुदत काल संपली होती.