श्रवणशक्तीचा अभ्यास

मुलाखतीच्या खोलीचं दार काचेचं होतं. काचेतून आवाज बाहेर जात नाही म्हणजे बोलणंही जात नाही, अशी विद्यापीठातल्या साहेबांची समजूत होती.

बाहेरच्या बाकावर शालिग्राम आणि त्याची आई प्रमिलाबाई बसले होते. लिंबायतला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, त्याची नऊ वर्षं गेली होती, प्रमिलाबाईंची बॉबिनी भरण्यात बावीस. तिथल्या खडखडाटात कुणी ओरडत बसत नाही. ओठ हलवायचे आणि समोरच्याने चार लूम पलीकडून वाचायचे. पाळ्या करता करता शालिग्राम बाहेरून एम.ए. झाला, तोवर डावा कान गेला. उजवा वाचवायचा असेल तर खातं सोड, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून हा अर्ज. संशोधन सहायक, एक जागा, सत्त्याण्णव सालापुरती तरी पक्की. विषय होता यंत्रमाग कामगारांची श्रवणशक्ती.

आत तीन साहेब चहा पीत होते. मधल्या टकल्या साहेबांनी बशी खाली ठेवली आणि हसत शेजाऱ्याला गुजरातीत काही सांगितलं. मायलेकांनी ते बाकावरूनच वाचलं. जागा साहेबांच्या भाच्याला दिलेली होती, ऑर्डरही टाइप झाली होती. "आ छेल्लाने पण बोलावी लो. कागळ पर त्रण नाम जोईए."

कागदावर तीन नावं हवीत, म्हणून या शेवटच्या तिसऱ्यालाही बोलवायचं.

"चाल घर," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"बलाई राह्यनात, तं जाई येस," शालिग्राम म्हणाला आणि बोलावणं आलं तसा आत गेला.

मधल्या साहेबांनी त्याची प्रमाणपत्रं दोन बोटांत धरून उलटून पाहिली. लूमवरचा माणूस एम.ए. झाला म्हणजे कागदातच काहीतरी खोट असणार.

"बराबर सुनाई देता है?"

"उजव्या कानाने येतं, साहेब. डावा गेला."

साहेबांचा चेहरा खुलला. नाकारायला कारण शोधत होते, ते आयतं चालत आलं. त्यांनी ते ताबडतोब लिहून घेतलं. असल्या लोकांना बहिरा कामगार अभ्यासाला हवा असतो. तो खुर्ची मागायला आला की त्याचा कान आडवा येतो.

"कामगारों से सवाल पूछने पड़ेंगे," साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले. "खाते में कैसे पूछोगे? एक पूछ के दिखाओ."

शालिग्राम उभा राहिला. खात्यात बोलतात तसा, ओठ नीट उघडत, तोंडातून जराही आवाज न काढता तो बोलला. "भाचाले लिंबायतमा धाडशात, तव्हय तो काय आयकी?"

तिघे साहेब पुढे वाकले.

"जोर से बोलो, भाई."

भाचा लिंबायतला जाऊन काय ऐकणार, हे त्याने पुन्हा तसंच विचारलं, आधीपेक्षा सावकाश. मधल्या साहेबांनी तळहात कानामागे धरला. "क्या? क्या बोला?"

बाहेरून प्रमिलाबाईंना मुलाची नुसती पाठ दिसत होती. पण साहेबांचे ओठ दिसत होते, आणि कानामागचा तो हात दिसत होता. त्यांना सगळं कळलं. त्या पदर तोंडाला लावून पोटभर हसल्या.

मग त्यांनी डब्याची पिशवी उचलली. सातला शालिग्रामची पाळी होती.