हुप्प्याचा निकाल

हुप्प्याने टोमॅटो तोडला, उलटसुलट करून पाहिला आणि चावा घेतला.

केरू शेताच्या दगडी गडग्याआड उकिडवा बसला होता. एका हातात सुतळी बॉम्ब, दुसऱ्यात काडेपेटी. मागच्या फणसावर हुप्प्याचं सगळं वानरकुटुंब पंगतीला बसल्यासारखं ताटकळत होतं. केरूने काडी ओढली आणि ती हातातच राहिली.

कारण हुप्प्या चावता चावता थांबला. त्याने जरा विचार केला. मग तोंडातला घास थुंकला, हाताच्या पाठीने ओठ पुसले आणि उरलेला टोमॅटो गडग्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. लग्नघरी नको झालेली जिलबी पानाच्या कडेला सारावी, तसा. फणसाकडे बघून त्याने एक हुंकार दिला आणि सगळं कुटुंब शेजारच्या धोंडूच्या परसाकडे चालतं झालं.

काडीने बोट भाजलं तेव्हा केरू भानावर आला. "शकू!" त्याने बायकोला हाक मारली. "जिंकलो गो!"

केरू वीज मंडळातला वायरमन. निवृत्तीनंतर त्याने गावात शेती करायचं ठरवलं, आणि वानरांनी त्याच सुमारास त्याच्या शेतीवर जगायचं ठरवलं. पहिल्या वर्षी भेंडी गेली, दुसऱ्या वर्षी कलिंगडं. विरारहून मुलगा अभय फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही वानरांची खानावळ चालवताय. घराला कुलूप लावा नि इकडे या. नातवाला शाळेत तरी पोचवाल." केरूने शब्द दिला, यंदाचं पीक वानरांनी खाल्लं, तर येतो. तेव्हापासून त्याला अभयच्या घरातली खिडकी स्वप्नात दिसू लागली. तिच्यातून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते.

संगमेश्वरच्या बाजारात एका बियाणेवाल्याने त्याला हे संकरित वाण दिलं होतं. "ह्याला मर रोग लागत नाय, ऊन बाधत नाय. जांभ्या दगडावर लावा. फळ टेम्पोत टाका, गोव्यापर्यंत आपटत गेलं तरी सालीला चीर नाय." माणूस खोटं बोलला नव्हता. आजूबाजूची रोपं माना टाकत असताना केरूची झाडं परेडला उभी राहावीत तशी उभी होती. फळं लालबुंद, सगळी एका मापाची. चवीचं केरूने विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. दोघेही सभ्य.

दुपारी धोंडू कपाळाला हात लावून आला. "केरूतात्या, माझ्या परसातला एक गावठी टोमॅटो ठेवला नाय मेल्यांनी. तुमच्याकडं ढुंकून बघत नायत. काय फवारलंत तरी काय?"

"वीज मंडळात होतो मी," केरू गंभीरपणे म्हणाला. "नजरेतून करंट सोडतो."

धोंडूने ते गावभर केलं. संध्याकाळी दोघेतिघे केरूची नजर बघून गेले.

शकूवर मात्र करंटचा परिणाम नव्हता. "अवो, डाळ शिजून गाळ झाली, तुमचा टोमॅटो आमटीत तसाच पोहतोय. गोटा हाय नुसता!"

"चिवट हाय म्हणून तर वाचलो आपण," केरू म्हणाला. तरी त्याने गुपचूप एक टोमॅटो खाऊन पाहिला. भिजलेल्या पुठ्ठ्याला चव असती, तर ती ह्याहून बरी लागली असती. केरूला हुप्प्याबद्दल प्रथमच आदर वाटला. पाठोपाठ दुसरा विचार आला. अभयने हा खाल्ला तर? जे वानरसुद्धा खात नाही, ते पिकवायला बापाने गावात कशाला राहायचं, असं तो विचारणार.

रविवारी अभय आणि त्याची बायको पूर्वी, दोघं बापाला न्यायलाच आली होती. गाडीची डिकी रिकामी ठेवूनच. अभय लालभडक शेत बघून जागच्या जागी थबकला. केरू "आधी चहा घ्या" म्हणेपर्यंत त्याने एक टोमॅटो तोडला, पँटला पुसला आणि चावा घेतला.

चावता चावता तो थांबला. त्याने जरा विचार केला. केरूने डोळे मिटले.

"एक नंबर, बाबा!" अभय म्हणाला आणि अख्खा टोमॅटो संपवला. "पूर्वी, खाऊन बघ. अगदी आपल्या विरारच्या मार्केटसारखा!"

"खरंच की!" पूर्वीने दुसरा तोडला. "मला वाटलं, गावचा म्हणजे आंबट असणार."

"मानलं तुम्हाला," अभय म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. तुम्ही इथेच राहा. फक्त हे टोमॅटो आम्हाला पाठवत जा. पोरगा आवडीने खाईल."

केरूने वर पाहिलं. फणसावर हुप्प्या एकटाच बसून खाली अभयकडे बघत होता. कीव करत असावा. केरूची आणि त्याची नजरानजर झाली. दोघांचं एकमत दिसलं.

"अभय," केरू म्हणाला, "नातवाला शाळेत मीच पोचवीन. पण इकडच्या. त्याला लवकर धाड, त्याची जीभ अजून हुप्प्याइतकी शहाणी असेल."