लाल दोरीची बरणी

बसा भाऊ. चहा टाकला हाय, तो होईपर्यंत राजुऱ्याच्या इसरूची गोष्ट सांगतो. हसायचं तं हसा, पण मधातून उठू नका.

सोनीबाईनं बरणीचं झाकण उघडलं, अन् तिकडं तिच्या नवऱ्याच्या, इसरूच्या काळजात धस्स झालं. बरणी चुकीची होती.

तिचा काय दोष? झाकणाले लाल दोरी होती, म्हणून तिनं घेतली. ती रीत इसरूनंच लावून देल्ली होती. खताच्या बरण्या साऱ्या सारख्याच, लोणच्याच्या. लाल दोरी म्हणजे पोटॅशचं खत, कपाशीले ठिबकमधून सोडतात ते. हिरवी म्हणजे मॅग्नेशियम, कपाशीची पानं लाल पडून लाल्या आला का फवारतात ते. पांढरी म्हणजे युरिया, परसातल्या वांग्यांसाठी. त्याची माय बियाण्याच्या गाडग्यांले अशाच दोऱ्या बांधे.

इसरूले नाद होता माशांच्या टाकीचा. बैठकीत ही लांब काचेची टाकी! मासे थोडे, झाडोराच जास्त, पाण्याखाली जंगलच म्हणा. बाजारातल्या बाटलीवर त्याचा भरोसा नव्हता. झाडांचं टॉनिक तो घरीच बनवे. उकळून गार केलेलं पाणी, त्यात लाल दोरीचं चमचाभर, हिरवीचं थोडं कमी, सूक्ष्म अन्नद्रव्याची चिमूट. सरबताच्या जुन्या बाटलीत भरून हालवायचं, वरून काळा कागद गुंडाळायचा, अन् रोज एक झाकण टाकीत.

सोनीबाई टोमणा मारे, "मले कधी एवढ्या मायेनं चहा देल्ला का जी?"

"तू थोडीच पिवळी पडून राह्यली?" तो म्हणे.

मग ते नदीचं झालं. टाकीत ठेवाले वाकडंतिकडं लाकूड पाहिजे म्हणून इसरू वर्धेवर गेला, अन् पाय घसरला. त्याचा मोठा भाऊ कोलू माणसं घेऊन गेला. काठाकाठानं नाव घेऊन हाका मारल्या, "इसरू, ये रे बा, घरी चाल!" गवसला. घेऊन आले.

तवापासून वाचा गेली ती गेलीच. तोंड उघडे, मिटे, आवाज नाई. तेवढ्याच जागेत येरझारा. खाणं म्हणाल तं सोनीबाई चिमटीनं देईल तेवढं. अन् डोळे सदा टक्क उघडे. येणारीजाणारी माणसं त्याच्यापुढं आवाज खाली करत, नजर चुकवत. सोनीबाई मात्र बोलतच राहे. "वांग्याले कीड लागली जी." "आज कोणी भांडालेही नाई आलं जी." तो ऐके.

त्या दिवशी सकाळीच कोलूभाऊ येऊन गेला होता, सून पुनमले घेऊन.

"बाई, त्याले गावाले नेऊ दे. आपल्या लोकांत राह्यला पाहिजे तो. इथी कोण हाय त्याले?"

"मी हाय ना, भाऊ."

"अन् तुह्या हातून काही झालं तं?"

"झालं तं तुमी म्हणसान तसं. तवरी ते माह्या डोळ्यापुढंच राह्यतीन."

कोलूभाऊ उगाच टाकीच्या काचेवर बोटानं टकटक करत उभा राह्यला. इसरूच्या डोक्यात घण पडून राह्यले होते. पण त्याची नजर पुनमवर. गुणाची पोरगी, रिकामी बसवत नाई तिले. बरण्यांची धूळ झटकली, झाकणं धुतली, पुसली, लावली. लाल दोरी युरियावर, पांढरी पोटॅशवर. इसरूनं पाह्यलं. सांगावं कसं?

आता सोनीबाई चमच्यानं तेच काढून राह्यली होती. दाणे गोल, साबुदाण्यासारखे. पोटॅश कसं, साखरेसारखं असते. पण बाईचा चष्मा चुलीपाशी राह्यलेला.

"आज जरा जास्तच देते जी," ती बाटली हालवत म्हणाली. "झाडं उतरून गेली."

इसरूले ठाऊक होतं. एवढा युरिया पडला का पाण्याचं जहर होते. टाकीतला एक जीव राह्यत नाई, सारे पोट वर करून तरंगतात. मग कोलूभाऊ येईल. अन् ही बाई? ती त्यातून उठली नसती.

ती झाकण भरून टाकीपाशी आली. इसरूनं तोंड उघडलं. इकडून तिकडं झाला, तिकडून इकडं.

"भूक लागली का? थांबा जी, हे झालं का देते."

झाकण कललं. इसरूनं सारा जीव एकवटला अन् डोकं आपटलं. धप्प. पुन्हा आपटलं. कपाळ सोलून निघालं.

सोनीबाई दचकली. झाकण पडलं, बाटली कलंडली, फरशीभर पाणी. "अवो, असं काऊन करता जी!"

पदरानं पुसता पुसता तिच्या बोटाले एक न विरघळलेला दाणा लागला. गोल. तिनं तो चिमटीत फिरवला. बरणीकडं पाह्यलं, मग इसरूकडं. अन् तिथंच फतकल मारून बसली, रडली का हसली तिचं तिले माहीत.

"समजलं जी," ती म्हणाली. "समजलं."

मग उठली. दोऱ्या सोडून पुन्हा बरोबर बांधल्या. कोनाड्यात ते मडकं पालथं होतं, इसरूची माती झाल्यावर, मेल्या माणसाचा जीव नदीतून मासा होऊन घरी येते या त्यांच्या रीतीनं, पाच जणांनी ज्यात त्याले नदीवरून घरी आणलं होतं. त्याच्यावरून हात फिरवला. अन् टाकीत एक बोट बुडवलं. झाडोऱ्यातून तो वर आला, बोटाले तोंड लावून थांबला.

घ्या भाऊ, चहा. उद्या राजुऱ्याले चालले ना तुमी? तिच्या घरी जासान तं एक करा, काचेवर टकटक करू नका. त्याले डोळे मिटता येत नाईत.