घरघर

वाढदिवसाचे बॅनर मागायला येणाऱ्या टिनपाट पुढाऱ्यांची लायकी प्रविण ओळखून होता. वडवणीतल्या आपल्या फ्लेक्सच्या दुकानात तो सगळ्यांची मुंडकी एकाच तयार कोटावर चिकटवायचा. त्यात कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा सारखा घरघरायचा.

मेकॅनिक त्रिंबकनं कार्ड थंड ठेवायचे दोन कूलर दाखवले, एक पंख्याचा, एक बिनपंख्याचा.

"पंख्याचा नकोच. कटकटीला तू एकटा बास हायस," प्रविण म्हणाला.

त्रिंबकनं जुना पंखा काढून बिनपंख्याचा, नुसत्या पत्र्यांचा जाडजूड कूलर बसवला. कॉम्प्युटर चालू केला.

घरघर तशीच.

"काय बशिवलंस बे? अक्कल हाय का?"

"ह्याला पंखाच न्हाई, प्रविणशेठ. वाजंल काय?" पडद्याकडं बघत त्रिंबक मागं सरला.

पडद्यावर नुसता कोट होता, मुंडकं अजून चिकटवायचं होतं. घरघरीच्या तालात त्या कोटाची छाती वर-खाली होत होती.