इंजिन बदललेली गाडी

जुनी गाडी घेण्याआधी लोक मला तपासायला नेतात. रंगावर भुलणारी गिऱ्हाइकं माझ्या डोक्यात जातात, पण परवाचे काका वेगळेच निघाले. दोन दारांची, वाऱ्यासारखी पळणारी ती लाल गाडी सोडून त्यांना दुसरी बघायचीही नव्हती. मी बॉनेटला हात घालणार, तोच ते मालकाला म्हणाले, "आधी नुसती चालू करा." आणि स्वतः फाटकापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

अर्ध्या मिनिटात परत आले. "इंजिन बदललंय का हो?"

मालक ओशाळला. जुनं बसलं म्हणून गेल्या वर्षी दुसरं टाकलं, असं त्याने कबूल केलं. तीस वर्षं ऑइलमध्ये हात बरबटूनही मला ते नुसतं ऐकून कळलं नव्हतं. मी बॉनेट उघडून सगळं पाहिलं. काम चोख होतं.

"काका, हे जुन्यापेक्षा भारी आहे. डोळे मिटून घ्या."

"जुनं कुठे असेल?"

"भंगारात गेलं," मालक म्हणाला.

काकांनी मान हलवली आणि पिशवी काखोटीला मारून निघाले. मी मागोमाग गेलो. "अहो, कान कसला तयार आहे तुमचा! गॅरेज होतं का?"

"छे हो, मला गाडी चालवताही येत नाही."

 

फाटकापाशी काका थांबले. "मुलगा होता तोवर ही त्याची होती. कोपऱ्यावर हिचा आवाज आला, की मी दार उघडायला उठायचो."